इटलीच्या ग्रामीण भागात पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना

नागपुरात राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि इटलीत वास्तव्याचा परवाना नसलेल्या व्यक्तीने उंब्रिया, तोस्काना किंवा मार्के यांसारख्या प्रांतातील एखाद्या खेड्यात पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायचे मनात आणले, तर तिने कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, एवढ्यापुरताच हा लेख आहे. क्रमावर भर देण्याचे कारण साधे आहे: ज्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले तरी खिशातून फारसे काही जात नाही, तो प्रश्न आधी विचारावा, आणि ज्यात पैसा, विमानप्रवास आणि मन गुंतते ते काम, म्हणजे प्रत्यक्ष घर पाहणे, शेवटी ठेवावे. आमच्या भाऊजींनी हा क्रम नेमका उलटा केला. लक्ष्मीनगरातील घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांनी आधी सायप्रसच्या झाडांचे फोटो पाहिले, मग दलालाने ईमेलने पाठवलेल्या दोन पानी कागदावर सही करून तो स्कॅन करून परत पाठवला, पाच हजार युरो रवाना केले, आणि त्यानंतर मला बोलावून 'एकदा नजर टाक' असे सांगितले. त्या कागदाचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

आधी परस्परतेचा प्रश्न

इटलीच्या नागरी संहितेला जोडलेल्या प्रास्ताविक तरतुदींपैकी कलम १६ असे सांगते की परदेशी व्यक्तीला इटलीत नागरी हक्क मिळतात ते परस्परतेच्या अटीवर. म्हणजे इटालियन नागरिकाला त्या व्यक्तीच्या देशात जो हक्क मिळतो, तोच तिला इटलीत मागता येतो. युरोपीय संघाच्या नागरिकांना, तसेच नोकरी, कुटुंब, शिक्षण अशा कारणांसाठी इटलीत वैध वास्तव्य परवाना असलेल्यांना ही अट आडवी येत नाही. नागपुरात बसून खरेदी करणाऱ्याला मात्र ती येते, आणि आपल्या कायद्याकडे पाहिले की तिचे गांभीर्य कळते. आपल्या परकीय चलन कायद्याखालील नियमांनुसार भारतीय वंशाचा नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परदेशी नागरिक भारतात घर विकत घेऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने तेवढे घेऊ शकतो. उंब्रियातील पेरुज्यात राहणाऱ्या गृहस्थाला नागपूरच्या रामदासपेठेत फ्लॅट विकत घेता येत नसेल, तर रामदासपेठेतील गृहस्थाला पेरुज्याजवळ तो घेता येईल का, हा प्रश्न इटलीतील नोताइओ विचारणारच, कारण ही अट मोडून झालेली खरेदी रद्दबातल ठरण्याची जोखीम असते.

नोताइओ म्हणजे आपल्याकडील कोर्टाच्या आवारात शिक्का मारून देणारा नोटरी नव्हे. तो सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो, खरेदीखत त्याच्यासमोर आणि त्याच्या जबाबदारीवर होते, तो शासनासाठी कर गोळा करतो आणि दस्ताची नोंदही तोच करतो. प्रथेप्रमाणे त्याची निवड खरेदीदार करतो, कारण फी खरेदीदार देतो; तेव्हा दलालाने सुचवलेल्या नोताइओकडे जाण्याचे बंधन नाही. त्याला पहिलेच पत्र लिहून आपले नागरिकत्व, वास्तव्याचा देश, खरेदी वैयक्तिक नावाने की संयुक्त, आणि फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देण्याचा हेतू या चारही गोष्टी स्पष्ट कळवाव्यात आणि परस्परतेबाबतचे त्याचे मत लेखी मागवावे. रोममधील परराष्ट्र मंत्रालय देशवार माहिती प्रसिद्ध करते आणि नोताइओ तिचाच आधार घेतात. दलाल 'अनेक भारतीयांनी घेतले आहे' असे सांगेल, पण त्या भारतीयांकडे इटलीचा वास्तव्य परवाना किंवा युरोपीय पासपोर्ट होता का, हे तो सांगत नाही. भाऊजींच्या बाबतीत नोताइओच्या पहिल्या ईमेलमध्ये एवढीच विचारणा होती, आणि ती वाचेपर्यंत परस्परता हा शब्द घरात कोणी ऐकलेला नव्हता. लेखी मत प्रतिकूल आले तर इथेच थांबावे. युरोपीय पासपोर्ट असलेल्या भाच्याच्या नावावर घर घेण्याची पळवाट घरोघरी सुचते, पण त्या घराचा मालक कायद्याने तो भाचाच असतो आणि आपण फक्त त्याला पैसे दिलेले असतात.

पैसे नागपुरातून कसे जातील

निवासी भारतीय व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार त्या पैशातून परदेशात स्थावर मालमत्ता घेता येते. पती-पत्नी आपापली मर्यादा एकत्र वापरू शकतात, पण मग खरेदीखतात दोघांचीही नावे मालक म्हणून असली पाहिजेत. एकाचे पैसे आणि दुसऱ्याचे नाव असे चालत नाही. बँकेत खाते किमान एक वर्ष जुने असावे लागते, पॅन लागतो, ए-२ फॉर्म भरावा लागतो, आणि या प्रेषणासाठी भारतीय बँक कर्ज देऊ शकत नाही. घरातले सोने गहाण ठेवून किंवा व्यवसायाच्या कॅश क्रेडिटमधून ही रक्कम उभी करण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा. पाठवलेली रक्कम वापरली गेली नाही, तर ती १८० दिवसांत भारतात परत आणावी लागते. व्यवहार फिसकटून इसाराची रक्कम परत मिळाली तर ती तिकडच्या खात्यात 'पुढच्या घरासाठी' ठेवून देता येत नाही.

यात सर्वांत जास्त टोचते ती उगमस्थानी गोळा होणारी कराची रक्कम, म्हणजे टीसीएस. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर ती नाही, पण त्यापुढच्या रकमेवर मालमत्ता खरेदीसाठी २० टक्के दराने बँक ती कापूनच पैसे पाठवते. हा वेगळा कर नसून आगाऊ भरणा आहे. तो आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात आपल्या नावावर दिसतो, आगाऊ कराच्या हप्त्यांत वळता करता येतो, नोकरदाराला पगारातील करकपातीतही त्याची वजावट मागता येते, आणि उरलेला परतावा म्हणून मिळतो. तरीही दीड-पावणेदोन कोटी रुपये पाठवणाऱ्याचे तीसेक लाख काही महिने अडकतात. एकूण भांडवलाचा आकडा ठरवताना ही रक्कम बाजूला ठेवलेली असलीच पाहिजे, नाहीतर खरेदीखताच्या आठवड्यात मुदतठेवी मोडाव्या लागतात. मार्चअखेर आणि एप्रिलच्या आरंभी अशा दोन टप्प्यांत रक्कम पाठवल्यास दोन आर्थिक वर्षांच्या मर्यादा वापरता येतात, हेही ध्यानात ठेवावे.

हिशेब, घर पाहण्याआधी

पुढील आकडे एका कल्पित फ्लॅटचे आहेत. भाडे आणि खर्च मी धरलेले आहेत, कराचे दर मात्र खरे आहेत. किंमत दीड लाख युरो, विक्रेता खासगी व्यक्ती, आणि सरकारी दफ्तरातील वार्षिक भाडेमूल्य, ज्याला तिथे रेंदिता म्हणतात, ५०० युरो आहे असे धरू. स्वतःच्या वास्तव्यासाठी नसलेल्या घरावर नोंदणी कर ९ टक्के आहे, पण वैयक्तिक नावाने घेतलेल्या निवासी घराला तो प्रत्यक्ष किमतीवर न लावता रेंदितेच्या १२६ पटीवर लावण्याची मागणी खरेदीखतातच करता येते. म्हणजे ६३,००० युरोवर ५,६७० युरो, आणि वर दोन किरकोळ करांचे प्रत्येकी ५० युरो. बांधकाम कंपनीकडून नवा फ्लॅट घेतला तर हे गणित बदलते आणि साधारणतः किमतीवर १० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. इटलीत दलाल दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो. ३ टक्के आणि त्यावर २२ टक्के मूल्यवर्धित कर धरला तर ५,४९० युरो होतात. नोताइओ, दुभाषी, भाषांतरे आणि तांत्रिक तपासणी यांसाठी ५,००० आणि सामानसुमानासाठी १२,००० युरो धरले, तर दीड लाखाचे घर १,७८,२६० युरोंना पडते. जाहिरातीतील किंमत आणि खिशातून जाणारी रक्कम यांतील हे अंतर प्रत्येकाने कागदावर स्वतःच्या हाताने लिहून पाहावे.

आता उत्पन्न. खेड्यातील घराचा हंगाम मे ते सप्टेंबर, आणि त्यातही जुलै-ऑगस्टचा खरा. वर्षात १८ आठवडे, आठवड्याला सरासरी ७५० युरो, असे धरले तर १३,५०० युरो जमा होतात. त्यातून आरक्षण संकेतस्थळाचे १५ टक्के, म्हणजे २,०२५, आणि किल्ली देण्यापासून गळका नळ दुरुस्त करण्यापर्यंत सर्व पाहणाऱ्या स्थानिक व्यवस्थापकाचे २० टक्के, म्हणजे २,७०० वजा होतील. त्यानंतर अल्पकालीन भाड्यावरील सपाट कर, चेदोलारे सेक्का, एका घरासाठी २१ टक्के. तो खर्च वजा न करता पूर्ण जमेवर लागतो, म्हणून २,८३५. इमू हा स्थावर मालमत्तेवरील नगरपालिकेचा कर रेंदितेच्या १६८ पटीवर, बहुतेक ठिकाणी कमाल असलेल्या १.०६ टक्के दराने धरला तर ८९० युरो. कचरा कर तारी ३००, इमारतीच्या सामायिक खर्चाचा वाटा १,२००, वीज आणि गरम पाणी १,०००, विमा ३००, दुरुस्ती १,०००. सगळे वजा जाता वर्षाला १,२५० युरो उरतात, म्हणजे गुंतवलेल्या रकमेच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. आठवडे १८ ऐवजी २४ झाले तर शिल्लक ३,२३० युरो, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. आपल्या बँकेतील मुदतठेवीशी याची तुलना करणे क्रूरपणाचे आहे, पण गुंतवणूक हा शब्द वापरला की ती करावीच लागते. युरो रुपयापुढे वधारत जाईल आणि घराची किंमत वाढेल, या दोन अपेक्षांवरच व्यवहार उभा राहत असेल, तर तो भाड्याचा व्यवसाय नसून चलनावर आणि जागेवर लावलेला पैसा आहे, असे स्वतःशी मान्य करून मग पुढे जावे. स्वतःच्या सुट्टीचे आठवडे जुलैमध्ये धरणाऱ्यांनी ते जमेतून आधीच वगळावेत. नागपुरातील उन्हाळ्यापासून सुटका म्हणून मे महिन्यात तिथे राहणे मात्र तुलनेने स्वस्त पडते.

स्वस्त घरांच्या मोहाबद्दल एकच वाक्य: सिसिलीतील साम्बुका किंवा मुस्सोमेलीसारख्या गावांत गाजलेली एक युरोची घरे ठरावीक मुदतीत दुरुस्ती पूर्ण करण्याच्या बांधिलकीवर दिली जातात, आणि ती दुरुस्ती नागपुरातून करवून घेणे हा पूर्णवेळ धंदा आहे.

कातास्तो म्हणजे मालकी नव्हे

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून जमीन त्याचीच, असे मानू नये हे आपल्याला ठाऊक असते. इटलीतील कातास्तोचेही तसेच आहे. कातास्तो हे करआकारणीचे दफ्तर आहे. आल्प्सकडील त्रेंतिनो-आल्तो आदिजेसारखे काही भाग सोडले, तर त्यातील नोंद मालकीचा पुरावा नसते. मालकी, गहाण आणि जप्ती यांच्या नोंदी स्थावर मालमत्तेच्या वेगळ्या नोंदवहीत असतात. नोताइओ त्या साधारणपणे मागील २० वर्षांपर्यंत तपासतो, तेव्हा त्या बाजूने खरेदीदाराला फारसा घोर नाही.

खरा घोर बांधकामाच्या परवानगीचा आहे, आणि नागपूरकराला तो समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. अनधिकृत ले-आउटमध्ये प्लॉट घेतलेल्या आणि नंतर सुधार प्रन्यासच्या आर.एल., म्हणजे नियमितीकरणाच्या, पत्रासाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारलेल्या माणसाला विचारावे. इटलीतही १९८५, १९९४ आणि २००३ साली अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याचे कायदे झाले, आणि त्या वेळी दाखल केलेले काही अर्ज आजही अनिर्णित अवस्थेत नगरपालिकांच्या कपाटांत आहेत. अशा घराचे खरेदीखत होऊ शकते, पण पुढची दुरुस्ती, पुढची विक्री आणि कधीकधी भाड्याचा परवानाही त्या फायलीत अडकतो. १ सप्टेंबर १९६७ पूर्वी बांधकाम सुरू झालेल्या इमारतीसाठी खरेदीखतात विक्रेत्याचे तसे निवेदन पुरते, मात्र त्यानंतर घरात झालेल्या प्रत्येक फेरफाराचा कागद लागतो. २०१० पासून खरेदीखतात कातास्तोमधील नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळतो असे नमूद करावे लागते. तसे नमूद नसेल तर खत रद्दबातल ठरू शकते. पण नकाशा कातास्तोशी जुळणे वेगळे आणि नगरपालिकेने मंजूर केलेल्या आराखड्याशी जुळणे वेगळे, हे दलाल सोयीस्करपणे विसरतो.

यासाठी स्वतःच्या पैशाने जेओमेत्रा नेमावा. हा परवानाधारक तांत्रिक सल्लागार असतो, साधारण आपल्याकडील मोजणीदार आणि लहान वास्तुविशारद यांच्या मधला. त्याच्याकडून नगरपालिकेतील बांधकामाची फाइल, कातास्तोचा नकाशा आणि प्रत्यक्ष घर या तिन्हींचा मेळ घालणारा लेखी अहवाल घ्यावा. आमच्या प्रकरणात तीन बेडरूमचे म्हणून विकले जाणारे घर नकाशावर दोन बेडरूमचे होते. तिसऱ्या खोलीच्या जागी बारीक अक्षरांत 'रिपोस्तिल्यो' असे लिहिले होते, म्हणजे अडगळीची खोली. नोव्हेंबरमध्ये आम्ही प्रत्यक्ष गेलो तेव्हा त्या खोलीत दुहेरी पलंग, वर फिकट निळी चादर आणि उशीवर लॅव्हेंडरची पुरचुंडी होती. मी खिशातील टेप काढून जमिनीपासून तुळईपर्यंत धरली: २ मीटर ४० सेंटिमीटर. १९७५ च्या आरोग्यविषयक आदेशानुसार राहण्याच्या खोलीची उंची सर्वसाधारणपणे २.७० मीटर लागते, २.४० ही मोरी, बोळ आणि अडगळीच्या खोलीची उंची. दुहेरी बेडरूमला १४ चौरस मीटर जागा आणि जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-अष्टमांश खिडकी लागते. भिंतीवर लावलेला पडदा बाजूला केला तर मागे खिडकी नव्हतीच, नुसता दगड होता. अलीकडच्या काही सवलतींमुळे कमी उंचीच्या खोलीला वाट मिळू शकते, पण ती त्या-त्या घराच्या फायलीवर अवलंबून असते आणि विक्रेत्याने ती आधी मिळवून द्यायची असते. ताई पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "म्हणजे आपण या पडद्याचे पंचवीस हजार युरो देत होतो तर." तिचा आकडा बरोबर होता, दोन आणि तीन बेडरूमच्या घरांत त्या गावात साधारण तेवढाच फरक होता.

जागा पाहायची ती नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत. जूनमध्ये प्रत्येक दगडी घर सुंदर दिसते. थंडीत बंद खिडक्यांच्या घरात शिरल्याबरोबर ओलीचा वास येतो, जमिनीलगतच्या गिलाव्यावर अंगठा दाबला की क्षार भुरभुरतात, आणि गॅस पाइपलाइन नसलेल्या गावात घर गरम करायला टाकीतला एलपीजी किंवा लाकडी गोळ्यांची शेगडी वापरतात, तिचा खर्च कळतो. शेवटचा रस्ता खडीचा असेल तर त्याची डागडुजी कोण करतो, सांडपाणी गटारात जाते की सेप्टिक टँकमध्ये, आणि पाणी नळाचे की विहिरीचे, हे विचारावे. उन्हाळ्यात पाहुणे एसी मागतात, पण निसर्गदृश्य किंवा वारसा म्हणून संरक्षित भागात दगडी भिंतीवर बाहेरचे युनिट बसवायलाही परवानगी लागते. आपल्या कूलरची सवय तिथे कामाची नाही. मध्य इटली भूकंपप्रवण आहे. २००९ मध्ये लाकिला आणि २०१६ मध्ये आमात्रिचे व नोर्चा या गावांची काय अवस्था झाली, ते डोळ्यांपुढे ठेवून त्या गावाचा भूकंप विभाग आणि इमारतीला नंतर बळकटी दिली आहे का, हे जेओमेत्राच्या अहवालात मागून घ्यावे. विभाग १ सर्वाधिक धोक्याचा. विमानतळापासून दीड तासाच्या आत असलेल्या घरालाच आठवड्याचे पाहुणे मिळतात, असा माझा कयास आहे.

फ्लॅटबरोबर ऑलिव्हची दहा-वीस झाडे आणि जमिनीचा तुकडा मिळत असेल, तर आनंदाआधी दोन गोष्टी तपासाव्यात: ती जमीन शेतीची म्हणून नोंदलेली असेल तर शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला तेवढ्या भागावर नोंदणी कर १५ टक्के लागू शकतो, आणि शेजारच्या शेतकऱ्याला ती जमीन आधी विकत घेण्याचा कायदेशीर हक्क असू शकतो. त्याला रीतसर नोटीस गेली नसेल तर तो नंतर हक्क सांगत येतो.

सही करण्याचे तीन कागद

पहिला कागद प्रोपोस्ता, म्हणजे खरेदीचा प्रस्ताव. तो दलालाचा छापील फॉर्म असतो, त्यासोबत थोडी रक्कम देतात, आणि तो 'नुसती इच्छा' दाखवणारा आहे असे वाटते. तसे नाही. विक्रेत्याने तो स्वीकारला आणि ते खरेदीदाराला कळवले की तो बंधनकारक करार होतो. भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर सही केली तो हाच. त्यात कोणतीही अट घातलेली नसल्यामुळे परस्परतेचा प्रश्न सुटण्याआधीच, खोलीच्या वादावर, सात महिने पत्रव्यवहार चालला आणि अखेर तडजोडीत निम्मी रक्कम परत मिळाली. म्हणून प्रस्तावातच लिहून घ्यावे की नोताइओचे परस्परतेबाबतचे अनुकूल लेखी मत, जेओमेत्राचा निर्दोष अहवाल आणि इमारतीच्या नियमावलीत अल्पकालीन भाड्यावर बंदी नसल्याची खात्री, या तीन गोष्टी ठरलेल्या तारखेपर्यंत झाल्या नाहीत तर प्रस्ताव आपोआप संपेल आणि रक्कम पूर्ण परत मिळेल. विक्रेता हे मान्य करत नसेल, तर का करत नाही याचा विचार करावा.

दुसरा कागद कोम्प्रोमेस्सो, आपली इसारचिठ्ठी. यात कापार्रा म्हणून दिलेली रक्कम खरेदीदाराने माघार घेतल्यास बुडते, आणि विक्रेत्याने घेतल्यास त्याला दुप्पट परत करावी लागते. हा करार नोंदवणे सक्तीचे आहे. मोठी रक्कम द्यायची असेल तर तो नोताइओमार्फत स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीतही चढवून घ्यावा, म्हणजे मधल्या काळात विक्रेत्यावर जप्ती आली तरी आपला हक्क आधीचा ठरतो. बँकेचे प्रेषण, कागदांचे शिक्के आणि भाषांतरे यांना लागणारा वेळ धरून शेवटच्या दस्तासाठी किमान तीन महिने मागावेत.

तिसरा कागद रोजितो, म्हणजे खरेदीखत. खरेदीदाराला इटालियन येत नसेल तर दुभाषी आणि द्विभाषिक मजकूर लागतो. स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र चालते. अपोस्टील म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारा शिक्का; भारत आणि इटली दोन्ही त्या करारात असल्यामुळे नागपुरात केलेल्या मुखत्यारपत्रावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील घेऊन त्याचे प्रमाणित इटालियन भाषांतर पाठवता येते, किंवा मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाची वेळ घेता येते. त्याच दूतावासामार्फत कोदिचे फिस्काले हा १६ चिन्हांचा कर क्रमांकही मागता येतो. त्याच्याशिवाय इटलीत करार नोंदवता येत नाही आणि वीजजोडणीही नावावर होत नाही. किंमत थेट विक्रेत्याला न देता नोताइओच्या विशेष खात्यात ठेवावी, आणि दस्ताची नोंद होऊन नवा बोजा नाही हे दिसल्यावरच ती विक्रेत्याला मिळावी, अशी मागणी २०१७ पासून कायद्याने करता येते. सामायिक खर्चाची चालू आणि मागील वर्षाची थकबाकी नव्या मालकाच्याही गळ्यात येते, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाचे येणे-बाकी नसल्याचे पत्र त्याच दिवशी हातात असावे.

भाड्याने देताना आणि इकडचे विवरणपत्र भरताना

फ्लॅटची प्रादेशिक नोंदणी करून राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो, ज्याला तिथे चिन म्हणतात. जानेवारी २०२५ पासून तो सक्तीचा आहे, घराबाहेर आणि प्रत्येक जाहिरातीत लावावा लागतो, आणि त्याच्याशिवाय भाड्याने दिल्यास ८०० ते ८,००० युरो दंड होतो. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडची गळती सांगणारी यंत्रे व अग्निशामक हेही आवश्यक. प्रत्येक पाहुण्याची माहिती आगमनापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर भरावी लागते, अनेक गावांत पर्यटक करही गोळा करून भरावा लागतो. हे सारे नागपुरातून होत नाही; म्हणून वर धरलेले व्यवस्थापकाचे २० टक्के वाचवण्याचा विचार करू नये. इमूचे हप्ते १६ जून आणि १६ डिसेंबरला असतात. मालक झाल्याने व्हिसाची सवलत मिळत नाही. शेंगेन या युरोपातील सामायिक व्हिसा क्षेत्राच्या नियमाप्रमाणे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मर्यादा राहते.

भारतात निवासी करदात्याला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. इटलीत भरलेल्या कराची वजावट भारत आणि इटली यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मिळते, पण त्यासाठीचा फॉर्म मुदतीत भरावा लागतो आणि तिकडच्या कर भरल्याच्या पावत्या जपाव्या लागतात. घरभाड्याच्या शीर्षाखाली उत्पन्न दाखवले तर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्यवस्थापकाचे कमिशन वेगळे वजा होत नाही. कोणते शीर्ष लागू होईल हे चार्टर्ड अकाउंटंटकडून पहिल्याच वर्षी ठरवून घ्यावे. भाडे शून्य असले तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅटची नोंद सक्तीची आहे. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो. तो न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला दिलेल्या सवलतीतून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. तिकडे भाडे जमा होण्यासाठी उघडलेले बँक खातेही त्याच तक्त्यात येते. भाऊजींचे घर झालेच नाही, पण त्यासाठी उघडलेले खाते अकाउंटंटने विचारेपर्यंत कोणाला आठवलेच नव्हते.

विक्रीचा विचार खरेदीच्या वेळीच करून ठेवावा. इटलीत खासगी मालकाने पाच वर्षांनंतर घर विकले तर नफ्यावर साधारणतः कर लागत नाही, पण भारतात तो दीर्घकालीन भांडवली नफा म्हणून करपात्र राहतो, आणि तिकडे करच भरलेला नसल्यामुळे इकडे वजावट मागायलाही काही नसते. त्यासाठी घरात बसवलेल्या बॉयलरपासून नोताइओच्या फीपर्यंत प्रत्येक बिल, त्या दिवशीचा युरोचा दर पेनने कोपऱ्यात लिहून, एकाच फायलीत ठेवावे.